पुस्तक बघून एक्लिप्स शिकताना: एका घरात तीन जावा

एक्लिप्स, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम लिहायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, पुस्तकावरून शिकता येतं का? येतं, मी तसंच शिकलोय आणि नंतर घरातल्या-ओळखीतल्या बऱ्याच पोरांना तसंच शिकवलंय. पण "पान एक उघड आणि सांगितलंय तसं करत जा" असा सल्ला कोणी दिला तर समजा की त्याने हे स्वतः कधी केलेलं नाही, कारण तिसऱ्या पानावरच पुस्तक सांगतं अमुक मेनूत जा आणि तुमच्या स्क्रीनवर तो मेनूच नसतो.

भाच्याचंच बघा. अप्पा बळवंत चौकातून त्याने एक जाडजूड सेकंडहँड गाइड उचललं, आधीच्या मालकाने अर्ध्या पानांवर पिवळं हायलायटर फिरवलेलं, आणि आतले सगळे स्क्रीनशॉट एक्लिप्सच्या जूनो या व्हर्जनचे, म्हणजे २०१२ चे. लॅपटॉपवर एक्लिप्स मात्र ताजं. दोन दिवसांत फोन, "मामा, पुस्तक चुकीचं आहे." पुस्तक चुकीचं नव्हतं रे बाबा, म्हातारं होतं.

म्हणून पहिलं काम, पुस्तकाचं वय काढा. हेलिऑस, इंडिगो, जूनो, केप्लर, लूना, मार्स, निऑन, ऑक्सिजन, फोटॉन अशी नावं दिसली तर ते २०१० ते २०१८ मधलं. त्यानंतर नावं गेली आणि दर तीन महिन्यांनी वर्ष-महिना असं व्हर्जन येतं. जुनं असलं म्हणून फेकू नका. २००१ मध्ये आयबीएमने एक्लिप्सचा कोड खुला केला तेव्हापासून वर्कस्पेस (कामाचं फोल्डर), व्ह्यू (स्क्रीनवरची एकेक चौकट), पर्स्पेक्टिव्ह (त्या चौकटींची मांडणी), एडिटर या मूळ गोष्टी त्याच आहेत, इकडचं सामान तिकडे झालंय एवढंच. तेव्हा कशाला काय म्हणतात आणि ते कशासाठी असतं हे पुस्तकातून घ्या, ते कुठे सापडतं हे पुस्तकाला विचारू नका. त्यासाठी कंट्रोल आणि ३ एकदम दाबा, एक शोधायची पट्टी उघडते, त्यात पुस्तकातलं नाव टाइप करा आणि एंटर. रिसेट पर्स्पेक्टिव्ह जुन्या पुस्तकात सरळ विंडो मेनूत दाखवतात, आता ते विंडोमध्ये पर्स्पेक्टिव्ह नावाच्या पोटमेनूत गेलंय, पण कंट्रोल-३ माहीत असेल तर ते कुठेही जाऊ दे ना.

डाउनलोड करताना पुस्तकात सर्व्हलेट-जेएसपी (जावातून वेबसाइट बनवायचे प्रकार) असेल तर 'एंटरप्राइज जावा अँड वेब' वालं पॅकेज घ्या, नाहीतर 'डायनॅमिक वेब प्रोजेक्ट' हा पर्याय शोधत रात्र जाईल. बाकी इन्स्टॉल तुम्हाला येतंच.

वर्कस्पेस म्हणजे एक साधं फोल्डर. छोटा पाथ, नावात स्पेस नको, क्लाउडवर सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये तर अजिबात नको. आत 'मेटाडेटा' नावाचं फोल्डर दिसेल, त्याला हात लावायचा नाही.

प्रोग्रॅम हाताने टाइप करा. ही शिस्त-बिस्त म्हणून सांगत नाहीये, पीडीएफमधून कॉपी केलं की साध्या अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी छापखान्याची चिन्हं येतात, कधी ओळींचे नंबरही येतात, आणि मग एका ओळीच्या प्रोग्रॅमला सात एरर. टाइप करताना 'सिसो' (इंग्रजीत syso) लिहून कंट्रोल-स्पेस मारा, प्रिंटची ओळ आपोआप भरते, त्यामुळे हात दुखायची सबब चालणार नाही.

आता खरी भानगड. इथे मी स्वतः आपटलोय आणि इथेच सगळी पुस्तकं दीड पानात विषय गुंडाळतात, त्यामुळे हे जरा सावकाश वाचा.

२०१५, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट घरच्या लॅपटॉपवर मस्त चालत होता. जार करून, म्हणजे अख्खा प्रोग्रॅम एका फाइलमध्ये बांधून, पेन ड्राइव्हवर घेतला, लॅबच्या मशीनवर लावला, एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) शेजारी खुर्ची ओढून बसलेले, आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत 'अनसपोर्टेड मेजर डॉट मायनर व्हर्जन ५२.०'. मी काय करावं? मी कोडमध्ये ५२ नंबरची ओळ शोधायला लागलो. खरंच. ५२ व्या ओळीवर एक बंद होणारा महिरपी कंस होता, तो काढून बघितला, परत घातला, सरांनी घड्याळ बघितलं. मार्क किती मिळाले ते विचारू नका.

ते ५२ म्हणजे ओळ नव्हे, क्लास फाइलचं, म्हणजे कोड कंपाइल होऊन बनते त्या फाइलचं, व्हर्जन. साधा हिशोब आहे, त्या आकड्यातून ४४ वजा करा, जे उरतं ती जावा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. माझ्या लॅपटॉपवर ८ होती, लॅबमध्ये ७, म्हणजे तिला ५१ पर्यंतच वाचता येत होतं. आता एरर जरा सभ्य भाषेत येतो, 'ही फाइल नव्या जावाने बनवलीय, माझी झेप अमुक आकड्यापर्यंतच' अशा अर्थाचा, पण आकडे तेच आणि वजाबाकीही तीच.

आणि हे होतं का, तर एक्लिप्समध्ये जावा एक नसतेच, तीन असतात. एका घरात तीन जावा नांदवायच्या म्हटल्यावर कोण कोणावर रुसलीय हे कळल्याशिवाय स्वयंपाक होत नाही.

थोरली, म्हणजे एक्लिप्स स्वतः ज्या जावावर चालतं ती. एक्लिप्स हा स्वतःच जावातला प्रोग्रॅम आहे. पूर्वी ही तुम्ही आणायची असायची, २०२० च्या सप्टेंबरपासून डाउनलोडमध्येच येते. हिचा तुमच्या प्रोग्रॅमशी थेट संबंध नाही. नवीन एक्लिप्सला थोरली जावा २१ लागते म्हणून तुमचा प्रोजेक्टही २१ वरच पाहिजे असं काही नाही, आणि "एक्लिप्स उघडतंय म्हणजे जावा नीट आहे" हे तर साफ खोटं. उघडतच नसेल तर एक्लिप्स डॉट आयएनआय फाइल बघा, त्यात जावाचा पाथ द्यायचा 'व्हीएम' (-vm) हा शब्द एका ओळीवर आणि पाथ पुढच्या ओळीवर लागतो, आणि दोन्ही 'व्हीएमआर्ग्ज' (-vmargs) च्या वर. एकाच ओळीत लिहिलंत तर ते वाचलंच जात नाही. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेलीय.

मधली, म्हणजे तुमचा प्रोजेक्ट ज्या जावावर बांधला आणि चालवला जातो ती. प्रेफरन्सेसमध्ये जावा, त्याखाली इन्स्टॉल्ड जेआरईज. नावात जेआरई (नुसती प्रोग्रॅम चालवणारी जावा) असलं तरी इथे जेडीकेचं (प्रोग्रॅम बनवायची साधनंही असलेल्या जावाचं) फोल्डर द्यायचं, ओरॅकलने जावा ११ पासून वेगळी जेआरई देणं बंदच केलंय. यादीत एक ओळ आधीच असेल आणि तिच्या पाथमध्ये 'जस्टजे' असं काहीतरी दिसेल, ती थोरलीच आहे, एक्लिप्सने परस्पर तिलाच इथेही बसवलंय. तसं काम चालतं, पण ठेवू नका. तुम्ही टाकलेला जेडीके ॲड करा आणि त्याच्यापुढे टिक करा, कारण उद्या एक्लिप्स अपडेट झालं की थोरली बदलते आणि तुमचा प्रोजेक्ट तिच्यामागे फरफटत जातो.

धाकटी, म्हणजे कंपायलर कंप्लायन्स लेव्हल. ही जावा नाहीच, नुसता आकडा आहे, पण सगळ्यात जास्त भांडणं हिची. क्लास फाइलवर शिक्का कोणत्या व्हर्जनचा मारायचा ते ही ठरवते. जेडीके २१ असून लेव्हल ८ ठेवली तर ५२ चा शिक्का बसतो. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये जावा कंपायलरवर गेलात की वर एक चौकट आहे, एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटवरून कंप्लायन्स घ्या अशी. ती टिक केलेलीच राहू द्या, म्हणजे मधली आणि धाकटी एका सुरात राहतात. आणि त्याखाली रिलीज ऑप्शन वापरायची चौकट असते, तीही असू द्या, नाहीतर शिक्का ८ चा पण आत जावा ११ मधली मेथड वापरलेली असा माल तयार होतो, जो तुमच्याकडे चालतो आणि दुसऱ्याच्या मशीनवर पडतो.

चौथी एक आहे, बाहेरची. कमांड प्रॉम्प्टमध्ये जावा टाइप केल्यावर जी धावून येते ती. जार तिच्यावर चालतो, एक्लिप्समधल्या कोणावर नाही. त्यामुळे सबमिशनला किंवा इंटरव्ह्यूला जायच्या आधी त्या मशीनवर जावाचं व्हर्जन विचारून घ्या आणि धाकटीला तेवढ्यावर आणा. मला हे कोणी सांगितलं असतं तर...असो.

जावा बसवायच्या याच चॅप्टरमध्ये जुनी पुस्तकं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (मशीनच्या सेटिंगमध्ये) क्लासपाथ, म्हणजे क्लास फाइल आणि जार कुठे शोधायचे तो पत्ता, सेट करायला लावतात. करू नका. एक्लिप्स प्रोग्रॅम चालवताना स्वतःचा क्लासपाथ सोबत देतं, तुमच्या व्हेरिएबलकडे ढुंकूनही बघत नाही, आणि एक्लिप्सच्या बाहेर मात्र ते व्हेरिएबल असे घोळ घालतं की तुम्ही ते सेट केलं होतं हे विसरल्यावर सहा महिन्यांनी त्रास देतं.

याच्याच पोटातली दुसरी खोड म्हणजे मॉड्यूल-इन्फो, प्रोजेक्ट जावाचे कोणते भाग वापरणार त्याची यादी असलेली फाइल. नवीन प्रोजेक्ट करताना खाली एक चौकट असते, मॉड्यूल-इन्फो फाइल बनवू का अशी, आणि काही व्हर्जनमध्ये ती आधीच टिक केलेली असते. ही भानगड जावा ९ पासूनची, म्हणजे २०१७, तुमच्या २०१२ च्या पुस्तकाला तिचा पत्ताच नाही. टिक काढा. नाही काढली तर डेटाबेसच्या चॅप्टरला पोचल्यावर पुस्तकातली तीच ओळ, अगदी अक्षरन् अक्षर बरोबर, आणि एक्लिप्स म्हणणार 'जावा डॉट एसक्यूएल इज नॉट ॲक्सेसिबल'. भाच्याचा दुसरा फोन याच लाल फुलीसाठी होता, तो बिचारा चार वेळा एक्लिप्स काढून टाकून परत घालून बसला होता. म्हटलं ती मॉड्यूल-इन्फो डिलीट कर. "एवढंच?" एवढंच.

डेटाबेसचा जार घालताना बिल्ड पाथच्या लायब्ररीज टॅबमध्ये दोन फांद्या दिसतील, मॉड्यूलपाथ आणि क्लासपाथ. आधी क्लासपाथवर क्लिक करून ती निवडा, मग ॲड. शिकणाऱ्याला मॉड्यूलपाथ लागत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि यावर वाद घालायला कोणी आलं तर मी घालणार नाही. मायएसक्यूएलचा नवा जार असेल तर पुस्तकातल्या ड्रायव्हरच्या (डेटाबेसशी जोडणाऱ्या क्लासच्या) नावात मध्ये 'सीजे' वाढलंय, तेही बघा.

इथपर्यंत आलात की उरलेलं सोपं आहे. रन करताना 'प्रोजेक्टमध्ये एरर आहेत, तरी पुढे जाऊ?' असा डबा आला तर प्रोसीड दाबू नका, कॅन्सल. एक्लिप्सचा कंपायलर स्वतःचा वेगळा आहे, तो तुटका कोडही चालवून दाखवतो आणि तुटलेल्या जागी पोचल्यावर 'अनरिझॉल्व्ह्ड कंपायलेशन प्रॉब्लेम' म्हणून मरतो. त्या डब्यात 'नेहमी असंच करा' वाली टिक तर चुकूनही नको. खाली प्रॉब्लेम्स व्ह्यू उघडा, पहिला एरर आधी सोडवा, बाकीचे बरेचसे आपोआप जातात. लाल रेषेवर कर्सर ठेवून कंट्रोल-१, इम्पोर्टसाठी कंट्रोल-शिफ्ट-ओ, बास.

डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन, पुस्तकात शेवटी असतो, तुम्ही दुसऱ्याच आठवड्यात उघडा. जिथे थांबायचं त्या ओळीच्या डावीकडे डबल क्लिक, एफ११, मग एफ६ दाबत एकेक ओळ, आत शिरायचं तर एफ५, बाहेर यायचं तर एफ७, सोडून द्यायचं तर एफ८. या कळा २०१२ च्या पुस्तकातही ह्याच आहेत, तो चॅप्टर डोळे मिटून फॉलो करा.

ॲप्लेटचा (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅमचा) चॅप्टर सोडा, ॲप्लेट व्ह्यूअर जेडीके ११ मध्येच काढून टाकलाय. कॉलेजच्या परीक्षेत असेल तर पाठ करा, चालवायला जाऊ नका.

आणि पहिला प्रोग्रॅम झाल्यावर आपण सगळे जे करतो, हॅलो वर्ल्डच्या जागी 'नमस्कार' लिहून बघतो, तेव्हा विंडोजवर जुनं एक्लिप्स सेव्हच करू देत नाही, काही अक्षरं सीपी-१२५२ मध्ये (देवनागरी नसलेल्या जुन्या अक्षरतक्त्यात) बसत नाहीत म्हणतं. प्रेफरन्सेस, जनरल, वर्कस्पेस, तिथे टेक्स्ट फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. नवीन वर्कस्पेसला आता ते आधीच असतं. तरीही कन्सोलमध्ये प्रश्नचिन्हं आली तर रन कॉन्फिगरेशनच्या कॉमन टॅबमध्ये एन्कोडिंग आहे, तेही यूटीएफ-८ करा. भाच्याने कन्सोलमध्ये पहिल्यांदा 'नमस्कार मामा' नीट उमटलेलं बघून त्याचा फोटो पाठवला होता, मागे ते पिवळं झालेलं पुस्तक उघडं, त्यावर चहाचा कप.