आयरिश संगीतकारांवर दोन तासांचं श्रवणसत्र: निवड, निवेदन, ध्वनी

पुण्यात श्रवणसत्राला येणारा रसिक तयारीचा असतो. मात्रा तो बोटांवर मोजतो, जुन्या तबकडीची खरखर त्याला खटकत नाही. अशा माणसापुढे जन्म, शिक्षण, पुरस्कार अशी जंत्री वाचली तर तो पहिल्या वीस मिनिटांतच घड्याळ बघायला लागतो. म्हणून आयरिश संगीतकारांवर सत्र बांधताना प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न धरा: याचं पोट कशावर चालत होतं? त्याचं उत्तर वाजवलेल्या तुकड्यातून ऐकू आलं पाहिजे. येत नसेल तर तुकडा कितीही आवडता असो, काढून टाका.

हिशेब असा ठेवा: संगीत ६२ मिनिटं, निवेदन ४०, मध्यंतर १०, प्रश्नोत्तरं ८. तुकडे चौदापेक्षा जास्त नकोत. एका वेळचं बोलणं साडेतीन मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. हे घरी घड्याळ लावून तपासा, कारण निवेदन मनात वाचताना चाळीस मिनिटांचं वाटतं आणि मंचावर साठचं होतं.

सुरुवात टर्लॉ ओ'कॅरोलनपासून (१६७०–१७३८) करावी. अठराव्या वर्षी देवीच्या आजारात त्याची दृष्टी गेली. मॅकडरमॉट रो घराण्यातल्या बाईंनी त्याच्या तीन वर्षांच्या हार्प-शिक्षणाची सोय केली, मग घोडा, वाटाड्या आणि थोडे पैसे देऊन वाटेला लावलं. पुढे आयुष्यभर तो जमीनदारांच्या घरी मुक्काम करत आणि यजमानाच्या नावाने धून बांधत फिरला. आश्रयदाता ही गोष्ट आपल्या श्रोत्याला फोड करून सांगावी लागत नाही, दोन वाक्यं पुरतात. वेळ पुढच्या मुद्द्यावर घालवा: त्याच्या बहुतेक रचनांची फक्त धून उरली आहे, साथीचं अंग लिहिलेलं नाही. आज जे ऐकू येतं ती साथ नंतरच्या लोकांनी बसवलेली असते. म्हणून एकच धून दोनदा वाजवा, प्रत्येकी दोन मिनिटं. आधी धातूच्या तारांची जुनी हार्प; ती नखांनी छेडतात आणि नाद घंटेसारखा रेंगाळतो. मग आजची आतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांची, बोटांच्या मऊ भागाने वाजवलेली. हा फरक श्रोत्याच्या कानात बसला की पुढचं अर्धं काम होतं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दोन्ही ध्वनिमुद्रणं नायलॉनच्या हार्पचीच निवडली जातात. ध्वनिमुद्रिकेच्या माहितीपत्रात तारा कशाच्या आहेत ते पाहून घ्या.

ओ'कॅरोलननंतरचा पूल एका मिनिटाचा. १७९२ मध्ये बेलफास्टला उरलेसुरले हार्पवादक जमवले गेले आणि एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगला धुना उतरवून घ्यायला बसवलं. त्याने पुढे त्या पियानोसाठी छापल्या. पोशिंदा बदलला तसं वाद्यही बदललं.

मग मायकल कोलमन, या सत्राचा गाभा. स्लायगो परगण्यात १८९१ मध्ये जन्मलेला हा फिडलवादक (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) १९१४ मध्ये अमेरिकेला गेला आणि १९२१ पासून न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. तीन मिनिटांच्या बाजूत काय मावतं हे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किंवा बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकलेल्यांना ठाऊक आहे. इथे तेच गणित वेगळ्या तऱ्हेने मांडता येतं. नृत्याच्या धुनेचा नेहमीचा साचा ३२ मापांचा (माप म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला 'बार'): आठ मापांचा पहिला भाग दोनदा, आठ मापांचा दुसरा दोनदा. 'रील' (नृत्यधुनेचा एक प्रकार) जलद लयीत असेल तर एक आवर्तन साधारण ३५ सेकंदांत पुरं होतं, म्हणजे एका बाजूत पाच आवर्तनं. तबकडी पूर्ण वाजवा आणि श्रोत्यांना आवर्तनं मोजायला सांगा. दुसऱ्या फेरीत कोलमन तीच जागा कशी बदलतो ते मोजता मोजताच लक्षात येतं. साथीच्या पियानोबद्दल आधी सांगून ठेवा. त्या काळच्या अशा तबकड्यांवर पियानोवादक बरेचदा धून न ओळखता स्वरपुंज ठोकतो. आधी सांगितलं नाही तर लोक फिडलवर बेसूरपणाचा आळ घेतात. हीच मुद्रणं आयर्लंडला परत गेली, घरोघर नकलली गेली, आणि बऱ्याच गावांची स्वतःची शैली स्लायगोच्या वळणाखाली दबली. तबकडीने एकाला भाकरी दिली आणि अनेकांचा बाज पुसला. हे सत्रात स्पष्ट म्हणा.

मध्यंतराआधी तीन मिनिटं पेटी घ्या. आयरिश परंपरेतल्या धुना मुख्यतः चार स्वरमालिकांत बसतात आणि त्या आपल्या बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी थाटांच्या स्वरांशी जुळतात. चारही वाजवून दाखवा. लगेच हेही सांगा की साम्य स्वरांपुरतं आहे; वादी-संवादी, चलन, वेळ यांतलं तिथे काही नाही. नाहीतर प्रश्नोत्तरांची आठ मिनिटं 'हा कुठला राग' यातच जातील. तालाचंही तसंच. 'जिग' सहाची, तीन-तीन, म्हणून दादऱ्यासारखी वाटते. 'रील'ला केरव्याचा हात चालतो. 'स्लिप जिग' मात्र नऊची, तीन-तीन-तीन. तिथे दादऱ्याची टाळी धरणाऱ्याची सम दुसऱ्याच मापात हुकते. ती एकदा हाताने दाखवावी. मुद्रणावर तबल्याची जिवंत साथ करायचा मोह टाळा. १९२०च्या दशकातली पट्टी आजच्या स्वराला लागतेच असं नाही.

उत्तरार्ध जो हीनीपासून सुरू करा (१९१९–१९८४). कॉनेमाराचा हा गायक, साथ नाही, ठेका नाही, लय शब्दांच्या हाती. या गायकीला 'शॅन नोस' म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये त्याने इमारतीचा दरवान म्हणून नोकरी केली आणि १९८२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळवला. त्याचं गाणं मध्येच तोडू नका. पाच मिनिटांचं असेल तर पाच मिनिटं द्या आणि आधी गीताचा अर्थ मराठीत सांगा, कारण हे गाणं शब्दांसाठीच असतं.

त्यानंतर शॉन ओ रीयदा (१९३१–१९७१). रेडिओ, डब्लिनचं ॲबी थिएटर, मग कॉर्कला विद्यापीठात शिकवणं: ही पगारावर उभी राहिलेली कारकीर्द आहे. १९५९च्या 'मिशा एरा' या माहितीपटासाठी त्याने पारंपरिक धुना मोठ्या वाद्यवृंदावर बांधल्या. पुढे लोकवादकांचा लहानसा ताफा जमवून त्यात स्वतः हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं, पण तारा छेडून वाजणारं वाद्य) वाजवला. का, ते सांगा: जुन्या तारांच्या हार्पच्या सर्वांत जवळचा नाद त्याला या वाद्यात सापडला. पूर्वार्धातली धातूच्या तारांची हार्प श्रोत्यांनी नीट ऐकली असेल तर इथे मान डोलतेच.

त्याच ताफ्यातला पॅडी मलोनी. त्याचा स्वतःचा ताफा 'चीफटन्स' १९६२ मध्ये उभा राहिला, पण वादकांनी नोकऱ्या सोडल्या १९७५ मध्ये. तेरा वर्षं! त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढणारी क्लाडा रेकॉर्ड्स ही संस्था गिनेस घराण्यातल्या एका वारसाने काढलेली. म्हणजे यजमान परत आला, फक्त घोड्याऐवजी तबकडी देऊ लागला. सुरुवातीचा एक आणि १९७५ नंतरचा एक असे दोन तुकडे शेजारी ठेवा.

गीतकारांचा भाग थोडक्यात आटपा, पण श्रेयनाम चोख ठेवा. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात. 'डॅनी बॉय'चे शब्द फ्रेडरिक वेदर्ली या इंग्रज वकिलाचे, १९१३चे. धून मात्र आयरिश, १८५५ मध्ये छापलेली. गायिका शिनेड ओ'कॉनरचं १९९०चं गाजलेलं गाणं 'नथिंग कंपेअर्स टू यू' अमेरिकी गायक-गीतकार प्रिन्सचं आहे. आयरिश गायिका एन्याच्या गाण्यांचे शब्द बहुतांशी रोमा रायनचे. एन्या दौरे करत नाही; स्वतःच्या आवाजाचे थरावर थर स्टुडिओत चढवते, आणि त्यातूनच तिची कारकीर्द उभी आहे. म्हणून ओ'कॅरोलनच्या घोड्यापासून निघालेलं सत्र तिच्या एका गाण्यापाशी थांबवणं योग्य वाटतं.

नावांचे उच्चार चिठ्ठीवर देवनागरीत लिहून घ्या, रोमन अक्षरं बघून वाचू नका. आयरिश चर्मवाद्य 'बौरॉन', कोपराने भाता चालवून वाजवायची पाइप 'इलन'.

आता ध्वनी. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये क्रमांकाने, असंकुचित फाइलमध्ये ठेवा आणि उणे १८ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) सारखे करून घ्या. नाहीतर कोलमननंतर 'चीफटन्स' कानठळ्या बसवतात. तबकडीचं मुद्रण मोनो करून दोन्ही स्पीकरला द्या. ८० हर्ट्झखालची घरघर कापा, पण खरखर काढणारा फिल्टर जपून वापरा. तो जास्त लावला की गजाचा खरडा आणि तारेचा टणकार दोन्ही जातात, उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. पट्टी अर्ध्या स्वराने चढी वाटली तर वेग सुमारे ६ टक्क्यांनी चुकलेला असू शकतो. पण वादकाने वाद्यच चढं लावलेलं असणंही शक्य आहे, तेव्हा त्याच बैठकीतल्या दोन-तीन बाजू पडताळल्याशिवाय वेग बदलू नका.

लॅपटॉपचा चार्जर जोडला की स्पीकरमधून घुंई येते. बॅटरीवर चालवा, किंवा साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स (ही घुंई तोडणारी जोडणीची डबी) मागा. केबल आणि जोडणीच्या पिना तपकीर गल्लीत मिळतात, दोन जोड घ्या. लग्नातले धडधडते स्पीकर नकोत. साठ-सत्तर श्रोत्यांना कानाच्या उंचीवर ठेवलेले दोन मध्यम स्पीकर पुरे.

परवानगीचा प्रश्न पत्रिका छापण्याआधी मिटवा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे कोलमनच्या तबकड्या मोकळ्या आहेत. रचनाकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे ओ रीयदाच्या स्वतःच्या रचना २०३१च्या अखेरपर्यंत संरक्षित. तिकीट लावणार असाल तर सार्वजनिक वादनाचा परवाना आधी घ्या आणि सभागृहाच्या कार्यालयाला त्याची प्रत द्या.

तालीम त्याच सभागृहात, त्याच वेळी, पंखे लावून एकदा आणि बंद करून एकदा करा. तबकड्या आणि हीनी यांच्या वेळी पंखे बंदच हवेत, आणि त्यासाठी बटणांपाशी एक माणूस बसवावा लागतो. शेवटचा तुकडा संपल्यावर त्याला दहा सेकंद थांबायला सांगा. पंखे आधीच सुरू झाले तर एन्याचा विरत जाणारा शेवटचा थर पात्यांच्या आवाजात बुडतो.