आकार शिकवताय? मग आधी त्रिकोण उलटा धरा

पहिल्यांदाच बालवाडी, अंगणवाडी नाहीतर पहिलीचा वर्ग मिळालेल्यांसाठी लिहितेय. पाठ टाचण कसं काढायचं वगैरे तुम्हाला येतच असणार, त्यात वेळ घालवत नाही. साहित्याचंही टेन्शन नको, आमच्या सांगलीत घोटीव कागद, कार्डशीट कुठल्याही स्टेशनरीत मिळतं, आणि नाहीच मिळालं तर घरात पडलेला जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढा, कार्डशीटपेक्षा भारी.

तर आकारांचा प्रोजेक्ट म्हटलं की सगळीकडे एकच असतं. चौकोनावर त्रिकोण चिकटवला की झालं घर, वर गोल सूर्य, बाजूला झाड. तुकडे आदल्या रात्री आपणच कापायचे, पोरांनी फक्त फेविकॉल लावायचा, सगळ्यांची सारखी घरं भिंतीवर, पालक खूश, ग्रुपवर फोटो. मीपण हेच करायचे. मग एक दिवस फळ्यावर त्रिकोण टोक खाली करून काढला तर वर्ग गप्प. एकानं मान पार खांद्याला टेकवून बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्यो पडलाय की, उभा करा." दुसरी म्हणाली, हा त्रिकोण नाहीच, आइस्क्रीमचा कोन आहे. म्हणजे इतके दिवस पोरांच्या डोक्यात बसलं होतं ते छप्पर.

हे जरा सविस्तर सांगते कारण सगळे इथंच अडकतात आणि अडकलोय हे कळतही नाही. लहान मूल आकार अख्खा बघतं, बाजू-कोपरे मोजत बसत नाही. व्हॅन हील नावाचे डच नवरा-बायको होते, दोघंही गणिताचे शिक्षक, त्यांनी १९५७ मध्ये भूमिती समजण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्यातली ही पहिलीच पायरी. त्यांचं म्हणणं असं की नुसतं वय वाढलं म्हणून मूल वरच्या पायरीवर जात नाही, त्याला काय काय हाताळायला मिळालं त्यावर ते ठरतं. आता आपण वर्षभर सगळ्या बाजू सारख्या असलेला, खाली सपाट, वर टोक, असा एकच त्रिकोण दाखवला तर मूल तेवढ्यालाच त्रिकोण म्हणणार. लांबुडका, काडीसारखा बारीक त्रिकोण दाखवा, नाही म्हणतील. चौरस कोपऱ्यावर उभा करा, लगेच शंकरपाळी म्हणतील. तक्ता असो, फ्लॅशकार्ड असो, सगळीकडे तोच त्रिकोण, त्यामुळे तुमच्याकडून वेगळा आला नाही तर मुलाला तो कुठंच भेटत नाही.

शिवाय चुकीचे आकारही दाखवा, हे कोणी सांगत नाही. एक बाजू फुगलेला, एक कोपरा उघडा राहिलेला, आणि विचारा की हा चालेल का. पोरं जी भांडतात ना, तीच खरी तासिका. पिझ्झाच्या तुकड्याची एक कड गोलसर असते, मग तो त्रिकोण कसा? आणि वर्तुळासमोर चेंडूचं चित्र छापणाऱ्या तक्त्यांवर माझा फार राग आहे, चेंडू वर्तुळासारखा सपाट थोडाच असतो, त्यापेक्षा बांगडी द्या, ती ठेवून पेन्सिल फिरवली की वर्तुळ कागदावरच येतं.

मला सगळ्यात उपयोगी पडली वारली. ती आपल्याकडची नाही, पालघर-डहाणूकडच्या वारली लोकांची, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, जिव्या सोमा म्हसे यांना तिच्यासाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, एवढं मुलांना जरूर सांगा. वारली माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा उलटा, खालचा सुलटा. आलं लक्षात? उलटा त्रिकोण लावल्याशिवाय माणूसच होत नाही. पांढऱ्या कागदाचा चौरस द्या, कोपऱ्यावर कोपरा ठेवून घडी घालायला लावा, घडीवर कापलं की दोन त्रिकोण. डोक्याला छोटं वर्तुळ, हातपाय खडूच्या रेघा, खाली खाकी कागद. पहिल्यांदा बरेच जण दोन्ही त्रिकोण सुलटेच लावतात आणि माणसाऐवजी ख्रिसमसचं झाड होतं, होऊ दे. तुम्ही हात लावू नका, शेजारच्याचं बघून आपोआप फिरवतात.

कापताना वेडंवाकडं होणारच. मला एका सीनियर बाईंनी बजावलं होतं, मुलांच्या हातात कात्री देऊ नको, कचरा होतो आणि केंद्रप्रमुख आले तर काय दिसेल. असला सल्ला नम्रपणे ऐका आणि सोडून द्या. बोथट कात्री द्या, तीन-चार वर्षांच्यांना नुसतं फाडू द्या. मला खरं शिकवलं ते आमच्या मदतनीस मावशींनी. बेंदराला बैल करून उरलेली माती त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती, त्या मातीच्या गोळ्या आणि खराट्याच्या काड्या घेऊन मुलांना त्रिकोण आणि चौकोन करायला बसवलं. चौकोन बोटाने ढकलला की तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. शेतातल्या हाय टेन्शनच्या टॉवरवर सगळे त्रिकोण का असतात ते एका पोरानं स्वतःहून विचारलं, वय वर्षं पाच! काड्या मात्र मुद्दाम कमीजास्त लांबीच्या द्या. कधीकधी दोन काड्या इतक्या आखूड निघतात की मिळून तिसरीएवढ्याही होत नाहीत, मग त्रिकोण जुळतच नाही आणि मुलं चिडतात. तेव्हा लगेच काडी बदलून देऊ नका, थोडं चिडू द्या.

यूट्यूबवरचे पाच मिनिटांत तयार होणारे क्राफ्ट बघून भुलू नका, ते मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेले असतात. आणि पहिल्या महिन्यात तुमच्या भिंतीवर दाखवण्यासारखं काही नसलं तरी घाबरू नका, खरंच. एका दिवशी एकच आकार घ्या, फार तर दोन. फाइलला फोटो लागतातच, तर तयार चित्रासोबत मूल काय बोललं ते खाली पेन्सिलीनं लिहून ठेवा. पालक सभेत कुणी विचारलं की आमच्याच पोराचं चित्र असं वाकडं का, तर ते लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि पोरालाच बोलवून उलटा त्रिकोण शोधायला सांगायचं.