पडलेल्या फणसाचा ओंडका चुलीत घालू नका, स्टूल करा

मे २०२१ च्या तौक्ते वादळात देवगडकडे आमच्या परसातला फणस मुळासकट आडवा झाला. वरच्या खोडाच्या फळ्या काढल्या, फांद्या चुलीत गेल्या आणि बुंध्याकडचे दोन ओंडके राहिले. तेव्हाच ठरवलं की यांची बसायची स्टुलं करायची. पहिला ओंडका मी आठवड्यात वाया घालवला, दुसऱ्यावर आज बसून हे लिहितोय. दोन्हीकडून जे शिकलो ते सांगतो.

आधी झाड कुठलं ते बघा. फणस मिळाला तर डोळे मिटून घ्या, लाकूड पिवळंधमक निघतं आणि वर्षागणिक तांबूस होत जातं, आतल्या गाभ्याला कीडही कमी लागते. आंबा सगळीकडे मिळतो पण त्याला भुंगेरा फार लवकर लागतो, काळजी घेणार असाल तरच. ऐन, किंजळ मजबूत, पण हातात जीव असेल तर. माडाच्या नादाला लागू नका. त्याला आपल्या झाडांसारखा गाभा नसतो, कड दगडासारखी टणक आणि मध्ये भुसभुशीत धागे, पटाशी नीट चालत नाही. आणि हां, आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडं तोडायला आपल्याकडे १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. वादळात पडलेलं झाड असलं तरी लाकूड गाडीत घालून हलवायच्या आधी वनखात्याच्या ऑफिसात विचारून घ्या.

चेनसॉवाला बोलवायच्या आधी एक काम करा. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून खोडाभोवती फिरवा. परसातल्या झाडाला कुणीतरी कधीतरी कपड्याच्या दोरीसाठी खिळा मारलेलाच असतो, कुंपणाची तारही आत गिळलेली असते. आमच्या फणसातून चार इंची खिळा निघाला, तो कुणी मारला यावर घरात अजून वाद आहे. खूप खोल गेलेला खिळा चुंबकाला कळत नाही, तरी वरचे सापडले तरी चेन वाचते. मुळाजवळ कापताना सालीत अडकलेली माती आणि जांभ्याचे खडे पण काढून घ्या.

बसायचं स्टूल १६ ते १८ इंच उंच बरं पडतं. कापताना वरून-खालून दोन-दोन इंच जास्त सोडा, कारण टोकं फुटणार आणि शेवटी ती काढावी लागणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वाळवणं. पहिला ओंडका मी कापला तसा खळ्यात कडकडीत उन्हात उभा केला, म्हटलं पाऊस यायच्या आत सुकेल. आमचे सुतारकाका वाटेने जाताना थांबले आणि म्हणाले, "मेल्या, उन्हात कित्याक ठेवलंस? पिकल्या फणसासारखो फुटतलो!" मी हसलो. तिसऱ्या रात्री फाटकन आवाज आला, मला वाटलं नारळ पडला, सकाळी बघतो तर ओंडक्याला कडेपासून गाभ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. लाकूड वाळताना आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही. गोलाईच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणजे बाहेरचा घेर कमी पडायला लागतो, आतलं लाकूड तेवढं लहान होत नाही, मग घेर कुठेतरी तुटतो. त्यात दोन्ही कापलेल्या टोकांतून पाणी झपाट्याने जातं, म्हणून भेग तिथूनच सुरू होते.

उपाय तीन, आणि तिन्ही कापल्याच्या दिवशीच करायचे, उद्यावर ढकलू नका. ओलं आहे तोवर साल कोयत्याने आणि पहारीने सोलून काढा. सालीसकट छान दिसतं हे मान्य, पण आपल्याकडच्या दमट हवेत सालीखाली किडे संसार थाटतात आणि वर्षभराने साल आपोआप गळते. दुसरं, खालच्या बाजूने मधोमध पटाशीने किंवा मोठ्या ड्रिलने खोलगट पोकळी करा, वरची तीन-चार इंच जाडी सोडून. गाभा गेला की ताण बराच कमी होतो आणि वजनही. तिसरं, जी बाजू भिंतीकडे जाणार तिथे वरपासून खालपर्यंत गाभ्याच्या दिशेने करवतीचा एक सरळ काप द्या. फुटायचंच असेल तर लाकूड बहुतेक तिथेच उघडतं, म्हणजे भेग कुठे पडावी हे तुम्ही ठरवता.

मग कीड लागू नये म्हणून १ लिटर गरम पाण्यात साधारण ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, ग्लोव्हज घालून सगळीकडून दोन-तीन हात मारा, पोकळीत पण. लाकूड ओलं असतानाच हे आत मुरतं. पावसाच्या पाण्याने धुवून जातं, म्हणून हे स्टूल घरातलंच, अंगणात ठेवायचं नाही. पाणी वरवर सुकलं की दोन्ही टोकांना वितळवलेलं मेण लावा, नाहीतर घरात उरलेला ऑईलपेंट किंवा फेविकॉलचे जाड तीन कोट.

ओंडका पडवीत किंवा माळ्यावर सावलीत, खाली दोन चिरे आणि त्यावर पट्ट्या ठेवून ठेवा, जमिनीला टेकला की वाळवी आलीच. किती दिवस? मी रद्दीवाल्याच्या काट्यावर दर महिन्याला वजन करून खडूने ओंडक्यावरच लिहायचो. मे २०२१ ला ३८ किलो होता, पावसाळ्यात आकडा जेमतेम हलला, मग हिवाळ्यात भराभर उतरला, आणि फेब्रुवारी २०२३ ला २५ वर येऊन थांबला. लागोपाठ दोन-तीन महिने कोरड्या दिवसांत वजन तेच राहिलं की वाळला समजा. दीड-दोन वर्षं लागतात, मधला शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

पुढचं काम मजेचं. टाईल्सच्या फरशीवर ओंडका ठेवा, खाली पाचरी सारून वरची बाजू लेव्हलमध्ये आणा, मग एका लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधून तो ठोकळा फरशीवरून ओंडक्याभोवती फिरवा, सगळीकडे एकाच उंचीवर रेघ उमटते. तशीच रेघ वर पण. रेघेपर्यंत करवतीने कापून रंध्याने साफ करा, आडव्या कापावर रंधा कडेकडून आत चालवा, बाहेर नेलात तर कडेचा तुकडा उडतो. खाली पोकळी केलेलीच आहे, त्यामुळे स्टूल फक्त कडेवर बसतं आणि डगमगत नाही. कडेला जुन्या टायरचे चार तुकडे ठोकले की ओली फरशी लाकडाला लागत नाही.

पॉलिश पेपर ६०, ८०, १२०, १८०, २२० असे क्रमाने, मधला नंबर गाळलात तर तेल लावल्यावर ओरखडे असे दिसतात की पुन्हा पहिल्यापासून घासावं लागतं. तोंडाला मास्क हवाच.

फिनिशला मी अळशीचं बॉईल्ड तेल वापरतो. पहिला हात अर्धं तेल अर्धं टर्पेंटाइन, वीस मिनिटांनी वरचं पुसून टाकायचं, एक-दोन दिवस सुकू द्यायचं, मग नुसत्या तेलाचे तीन हात. वरची बाजू आडव्या कापाची असल्याने तेल नुसतं पिते, घाबरू नका. पण जुलैत हे काम काढू नका, आठवडाभर चिकटच राहतं. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात, दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात घाला. खालच्या बाजूला काहीजण होडीला लावतात तसं काजूच्या टरफलाचं तेल लावतात, वाळवीवर चांगलं आहे पण अंगाला लागलं तर बिब्यासारखे फोड येतात, मी लांबच राहतो.

मागच्या कापात भुसा आणि फेविकॉल भरायचा मोह होईल, मी एकदा भरला आणि तो पुढच्या पावसाळ्यात फुगून बाहेर आला. आता ती भेग तशीच मोकळी सोडलीय. जुलैत ती जवळजवळ मिटते आणि जानेवारीत तिच्यात रुपयाचं नाणं उभं राहतं, पोरं टाकतात, मी मार्चमध्ये काढून घेतो.