गाडी टायर खातेय? आधी हात फिरवून बघा

पुण्यात आपण थार-जिम्नीसारख्या फोर बाय फोर गाड्यांवाले काय करतो, आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी ट्रॅफिकमध्ये रखडायचं, रविवारी मुळशीच्या चिखलात गाडी घालायची आणि मग एक टायर एका बाजूने गुळगुळीत दिसला की सरळ नाना पेठ गाठून नव्या टायरचा भाव विचारायचा. थांबा जरा. कारण न शोधता नवीन टाकले तर तेही तसेच जाणार, आणि एटी (ऑल टेरेन, रस्ता आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणाऱ्या) टायरचा सेट काय भाजीच्या भावात मिळत नाही.

सकाळी गाडी गार असताना बघा, म्हणजे हवापण खरी कळते. स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरच्या खाचांची खोली आतली कड, मध्य, बाहेरची कड अशी तिन्हीकडे मोजा. आतली कड बघायची राहतेच आणि नेमकी तीच गेलेली असते. खाचेत मध्येमध्ये उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे 1.6 मिमी उरलं, मग निदान वगैरे सोडा, टायर बदला.

मधला पट्टा गेला तर हवा जास्त. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी. सोप्पंय, पण मीच इथे माती खाल्लीये. ताम्हिणीच्या बाजूला चिखलात उतरायला हवा 18 पीएसआयवर आणली, येताना भरायची विसरलो आणि तसाच दोन आठवडे ऑफिसला जात राहिलो, टायर गरम होत होते ते वेगळंच. तेव्हापासून कंप्रेसर गाडीतच असतो.

एकच कड जात असेल तर टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असणं) किंवा कॅम्बर (समोरून बघताना चाक आत-बाहेर कललेलं असणं) बिघडलाय. इथे तळहात कामाला येतो. रबरावरून आडवा हात फिरवा, बाहेरून आत मऊ लागतं आणि आतून बाहेर नेताना करवतीसारखं टोचतं तर टो-इन जास्त आहे (चाकांची पुढची टोकं आत वळलीत), उलटं असेल तर टो-आउट (बाहेर वळलीत). काहीच टोचत नाही आणि तरी एक कड उतरलीये, मग कॅम्बरवर संशय.

पण लगेच अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे हे कोन सेट करून घ्यायला, पळू नका! माझ्या गाडीचं एका ठिकाणी तीनदा अलाइनमेंट झालं, दर वेळी कागदावर सगळे आकडे हिरवे आणि महिन्याभरात गाडी परत डावीकडे ओढायची, शेवटी निघाला काय तर ढिला टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). म्हणून आधी सपाट जागेवर मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला (गाडीखाली अजिबात शिरायचं नाही) आणि चाक हलवून बघा. डावी-उजवी बाजू धरून हललं तर बहुतेक टाय रॉड, वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारा गोल सांधा) नाहीतर व्हील बेअरिंग. जिम्नीला पुढेपण दोन्ही चाकांना जोडणारा सलग अ‍ॅक्सल आहे, तिथे बॉल जॉइंटऐवजी किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) बेअरिंग बघायचं, आणि अलाइनमेंटवाला मुख्यतः टोच सेट करून देणार, कॅम्बर नाही. थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलतं), त्यामुळे गाडी उंच करणारं लिफ्ट किट टाकलं की टो आणि कॅम्बर दोन्ही सरकतात, किट बसवल्याबरोबर अलाइनमेंट करायलाच पाहिजे.

टायरवर ठिकठिकाणी खळगे पडलेत? शॉकअप गेलेत किंवा बॅलन्सिंग नाहीये. चिखल रिममध्ये आतून वाळून बसला तरी चाक थरथरतं, तेव्हा खर्च करायच्या आधी गाडी नीट धुवा. मोठ्या गुटक्यांच्या एमटी (मड टेरेन, चिखलाच्या) टायरवर प्रत्येक गुटक्याची एक बाजू उंच आणि एक खाली होते आणि हायवेला घूं घूं आवाज येतो, तो दोष नाही, डांबरावर ते तसेच झिजतात, फक्त रोटेशन (टायरच्या जागा आपसात बदलणं) लांबवलं की वाढतं.

अजून एक, घाट आला की फोर एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकणारे खूप आहेत. सिंहगडाच्या कोरड्या डांबरी वळणावर टाकू नका. या गाड्यांना मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतो, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात, ती ओढाताण टायर घासून निघते आणि ट्रान्सफर केसवरपण (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येतो.

रोटेशन 8 ते 10 हजार किमीला करा, खूप ऑफरोड करत असाल तर आधीच. टायरवर दिशेचा बाण असेल तर त्याच बाजूला पुढे-मागे. स्टेपनी त्याच साइजची आणि पॅटर्नची असेल तर तीपण फेऱ्यात घ्या, नाहीतर मागच्या दारावर उन्हात तडकत बसते आणि ऐन वेळी चार झिजलेल्यांत एक कोरा टायर लागतो.