एमबीएच्या लेकरांचा निरोप समारंभ: माणसागणिक मानपत्र कसं करायचं

लातुरातल्या एका एमबीए विभागाच्या कार्यालयात मी लिपिक आहे. कॅप राउंडला, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला, लेकरं जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर अन् उत्पन्नाचा दाखला अशी फाइल छातीशी धरून पहिल्यांदा माझ्याच खिडकीसमोर उभी राहतात, आणि दोन वर्षांनी टीसी न्यायलाही तिथंच येतात. मधल्या काळात महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला की येतात, बोनाफाईडला येतात, कधी नुसतीच कूलरसमोर उभं राहायला येतात. कामापुरतं सर म्हणतात, एरवी काका. निरोप समारंभाची जबाबदारी त्यामुळं आपोआप माझ्याकडं आली. आता दुसऱ्या कॉलेजांतूनही विचारणा होते, म्हणून पद्धत एकदाच लिहून टाकतो.

नेहमीचा समारंभ तुम्ही पाहिलेलाच असेल. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलचक भाषण, स्टेजच्या मागं पॅकेज मिळालेल्यांच्या फोटोंचं फ्लेक्स आणि शेवटी डीजे. फ्लेक्सवर फोटो नसलेली पोरं मागच्या रांगेत मोबाइल बघत बसतात. त्यांचं नाव दिवसभरात एकदाही माइकवरून घेतलं जात नाही. मला हे पटत नाही. निरोप सगळ्या वर्गाला असेल, तर या दोन वर्षांत कुणी काय अंगावर घेतलं आणि कसं निभावलं, ते एकेकाचं नाव घेऊन सांगायला पाहिजे. त्यासाठी प्रत्येकाला चार ओळींचं मानपत्र लिहायचं. बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं.

कामाला जानेवारीत लागा, चौथं सेमिस्टर सुरू झालं की. एक जाड रजिस्टर घ्या आणि हजेरीच्या क्रमानं प्रत्येकाला एक पान द्या. पहिला नियम म्हणजे लेकरांना 'तुमचा अनुभव सांगा' असं विचारायचं नाही. विचारलं की मुलाखतीसाठी पाठ केलेलं बाहेर येतं: टीमवर्क, लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट. त्यापेक्षा बारके प्रश्न विचारा. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी तुला बसायला कुठं जागा दिली? कुणाच्या पैशाचा हिशेब तुझ्याकडं होता? तिथं सगळ्यात जास्त कोण रागावलं, आणि कशावरून? कोणता पेपर पुन्हा दिलास? असं विचारलं की पोरं बोलायला लागतात.

मग इंटर्नशिपचे अहवाल काढा. हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत 'संस्थेची ओळख' आणि 'संशोधन पद्धती' अशी प्रकरणं, ती सगळ्यांची सारखीच असतात. ती सोडा. अहवाल मागून वाचायला घ्या. परिशिष्टात खरं माणूस सापडतं. रेणापूरकडची एक मुलगी एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये गेली होती. तिच्या अहवालात शेवटी हातानं आखलेला तक्ता होता: रोज किती तूर गेली, किती डाळ निघाली, किती चुणी (डाळीचा चुरा). विचारलं तर म्हणाली, "पहिल्या आठवड्यात कुणी कामच दिलं नाही काका. मग वजनकाट्यावर जाऊन उभी राहिले." सरांनी तो तक्ता पाहिलाच नव्हता, कारण मार्क निष्कर्षाच्या प्रकरणाला असतात. मिलच्या मुनिमांना फोन केला, तेव्हा कळलं की तिची वही त्यांनी मागून ठेवून घेतलीय.

साक्षीदार हुडकणं हे या कामातलं निम्मं काम आहे. मेसवाल्या काकू, वसतिगृहाचे वॉचमन मामा, ग्रंथालयातला शिपाई, झेरॉक्स-बाइंडिंगवाला, कंपनीतला सुपरवायझर. प्राध्यापकांना वर्गातलं लेकरू दिसतं, यांना बाकीचं. एका पोरानं मला सांगितलं होतं, "काका, माझं पान कोरंच ठिवा, मी काय केलंच नाही." त्याचं पान बाइंडिंगवाल्यानं भरलं. अहवाल जमा करायच्या आदल्या रात्री अर्ध्या वर्गाचे एक्सेलचे तक्ते याच पोरानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून नीट करून दिले होते, शटर अर्धं खाली ओढून.

वर्गातलंही सोडू नका. पोरं अमूलची केस, म्हणजे खऱ्या धंद्याचं अभ्यासायला दिलेलं उदाहरण, वाचतात, मुंबईच्या डबेवाल्यांची वाचतात. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये निघालं, आणि ही केसची पद्धत तिथूनच जगभर गेली, असं आमचे सर दरवर्षी सांगतात. पण लॉजिस्टिक्सच्या तासाला एका मुलीनं दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी आणणाऱ्या रेल्वेवर सादरीकरण केलं. एप्रिल २०१६, पहिल्या फेरीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, पुढं ५० वाघिणींची गाडी. आकडे कुणालाही मिळतील. तिनं त्याच्यापुढची बाजू मांडली: रेल्वेतून उतरलेलं पाणी टँकरनं गल्लीत येईपर्यंतचा वेळ आणि रांगेत गेलेला शाळकरी लेकरांचा वेळ. त्या रांगेत घागर घेऊन ती स्वतः उभी राहिलेली. तिच्या मानपत्रात हेच सादरीकरण गेलं, सेमिस्टरचा निकाल नाही.

आता लिहायचं कसं. 'हुशार, होतकरू, मनमिळाऊ, कष्टाळू' हे शब्द बंद. असे शब्द कुणालाही चिकटतात. एक कृती, एक जागा, एक साक्षीदार, एवढं पुरे. नमुन्यादाखल त्या डाळ मिलवाल्या मुलीचं देतो:

'पहिल्या आठवड्यात काम मिळालं नाही. हिनं खुर्ची सोडली आणि वजनकाटा गाठला. महिनाभर रोजची तूर, डाळ आणि चुणी स्वतःच्या वहीत मांडली. ती वही आज मिलच्या मुनिमांच्या गल्ल्यात आहे.'

वाचायला अर्धं मिनिट लागतं. स्टेजवर यायला-जायला आणखी अर्धं धरा. वर्ग ६० चा असेल, तर तासाभरात सगळे होतात. मुख्य पाहुण्याच्या भाषणाला लोक एवढा वेळ खुशाल देतात, तेव्हा वेळ नाही ही सबब ऐकून घेऊ नका.

आणखी एक उदाहरण देतो, कारण अपयशाचं मानपत्र कसं लिहायचं हे लोक विचारतात. औशाकडचा एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत शेतकरी उत्पादक कंपनीच्या सोयाबीन खरेदीवर बसला होता. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याचा निकष असतो. मशीनचा आकडा वाचून सांगायचं काम याच्याकडं. सख्ख्या चुलत्याचा माल १४ भरला. यानं तोच आकडा मोठ्यानं वाचला. माल परत गेला, आणि घरात दिवाळीभर कुणी धड बोललं नाही. पुढं कॅम्पस मुलाखतींत याची कुठंच निवड झाली नाही. मानपत्रात आम्ही 'निवड झाली नाही' असंही लिहिलं नाही आणि 'उज्ज्वल भविष्य' असंही नाही. '१४ वाचलं, १४ सांगितलं' एवढंच लिहिलं. समारंभाला त्याचे चुलते आले होते, आणि टाळ्या त्यांनीच सुरू केल्या.

छापायला टाकायच्या आधी प्रत्येकाचं पान त्याला एकट्याला बोलावून दाखवा. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, ही अट आहे. माझ्याकडं अर्जांच्या फायली असतात. कुणाच्या वडिलांनी काय केलं, कुणाची आई ऊसतोडीला जाते, कुणाच्या फीचा हप्ता कुणी भरला, सगळं मला कागदावर दिसतं. कागदावर दिसतं म्हणून ते माइकवरून सांगायचा हक्क मला मिळत नाही. आपल्या भागात गरिबीची गोष्ट सांगून सभागृह रडवणं फार सोपं आहे, आणि पाहुण्यांना ते आवडतंही. त्या लेकराला मात्र उद्या त्याच वर्गमित्रांत बसायचं असतं. रात्री पेट्रोल पंपावर ड्युटी करून सकाळच्या तासाला येणारा एक मुलगा स्पष्ट म्हणाला, "पंपाचं लिहा काका, फीचं नको." तसंच केलं. एखादीला एक ओळही नको असेल, तर नुसतं नाव आणि गाव वाचा, कारण विचारू नका. जातीचा, शिष्यवृत्तीच्या वर्गाचा उल्लेख कुठंच येता कामा नये.

वाचणार कोण, हेही ठरवून ठेवा. सूत्रसंचालकानं शेरोशायरी घालून वाचायचं नाही. जमेल तिथं साक्षीदारानंच बोलावं. मेसवाल्या काकूंना स्टेजवर चढवलं की त्या गप्प होतात, म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवून बसल्या जागी माइक द्या. मुनीम येऊ शकले नाहीत, तर फोन स्पीकरवर लावून माइकसमोर धरा, चालतं.

पालकांना इंग्रजी पत्रिका व्हॉट्सअॅपवर पाठवून काही होत नाही. फोन करा आणि मराठीत बोला: "तुमच्या मुलीचं नाव घेऊन चार शब्द सांगणार आहोत, ऐकायला या." पालक सभेला न येणारे बापसुद्धा याला येतात. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा आई आणि आजी दोघींनाही आणा म्हणून सांगा. गावाकडच्या गाड्यांच्या वेळा आधी विचारून घ्या आणि कार्यक्रम दहा ते एक उरकून जेवण द्या. मे महिन्यात लातूरचं ऊन चाळिशीच्या पुढं असतं. संध्याकाळचा कार्यक्रम छान वाटतो, पण मुक्कामी गाडी चुकली की म्हातारी माणसं स्टँडवर अडकतात. आणि पुढच्या खुर्च्या पालकांच्या. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना हे आधीच, गोड बोलून सांगून ठेवायचं.

खाण्याला सँडविच-वेफर्सची खोकी नकोत. आल्या आल्या सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता), कार्यक्रमानंतर निलंगा राईस (इकडचा मसालेदार भात) आणि मठ्ठा. स्वस्त पडतं आणि आजीलाही चावता येतं. शाली-नारळांचे पैसे वाचवून मानपत्रं जाड कागदावर छापा. नाव लेकरानं स्वतः लिहून दिलेलं घ्या, गुणपत्रिकेवरच्या चुकांसकट नको.

पाहुणा मोठा नको. तीन-चार वर्षांपूर्वी इथूनच गेलेला एखादा बोलवा, मग तो पुण्यात नोकरीला असो की इथल्या गंजगोलाई बाजारात बापाच्या दुकानावर. दहा मिनिटं ही मर्यादा पत्रिकेवरच छापा, म्हणजे चिठ्ठी पाठवायची वेळ येत नाही. पॅकेजचे आकडे नोटीस बोर्डावर लावा, ज्यांना बघायचे ते बघतील. डीजेबद्दल माझं मत कुणी विचारत नाही. पोरांना हवा असेल तर पालकांच्या गाड्या गेल्यावर लावू द्या.

रजिस्टर जपून ठेवा. पुढं कुणी शिफारसपत्र मागायला आलं, की सरांना लिहायला काहीतरी खरं हाताशी असतं. धाकट्या वर्गालाही ते चाळायला द्या, म्हणजे जूनमध्ये इंटर्नशिपला जाताना डोळे उघडे ठेवून जातील.

आणि त्याच दिवशी सभागृहाबाहेर एक टेबल टाका: ग्रंथालय, वसतिगृह आणि लेखा विभागाच्या नो-ड्यूज (काही बाकी नाही) सह्यांसाठी. अहमदपूर-उदगीरकडच्या लेकरांना एका सहीसाठी परत हेलपाटा घालायला लावू नका. तिथंच सांगून ठेवा की पदवी प्रमाणपत्र कॉलेज देत नाही, ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून येतं आणि दीक्षान्तासाठी अर्ज वेगळा भरावा लागतो. चालू मोबाइल नंबर लिहून घ्या, आणि सोबत घरातल्या मोठ्या माणसाचाही घ्या. नोकरी लागली की पोरं सिम बदलतात.