पूर्वजांच्या आयुष्यातील घटना इतिहासाच्या संदर्भात कशा मांडाव्यात

घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांना सर्रास एक सल्ला दिला जातो : डावीकडे पूर्वजाचा जन्म, लग्न आणि मृत्यू लिहा, उजवीकडे त्या वर्षी देशात काय घडले ते लिहा. या सल्ल्याचा काहीही उपयोग होत नाही. १९०५ साली बंगालची फाळणी झाली हे खरे, पण साताऱ्याकडच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात त्यामुळे काय बदलले हे सांगता येत नसेल, तर ती ओळ नुसती जागा अडवते. त्या गावात, त्या महिन्यात, त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जे पोहोचले तोच खरा संदर्भ. तो सापडण्यासाठी तारीख आणि ठिकाण आधी पक्के लागते, आणि बहुतेकांचे काम नेमके तिथेच फसते.

१. कागद एकत्र करा

वंशावळ तयार आहे असे धरून चालतो. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातले कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, शाळेचा दाखला, सातबारा व जुने फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी), नाशिक-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि घरातल्या पोथ्यांची कोरी पाने, एवढे पाहावे. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावे, अंदाजाने वाचू नये. परदेशी पद्धतीच्या मार्गदर्शनात जनगणनेच्या याद्या पाहायला सांगतात. आपल्याकडे जुन्या जनगणनेच्या नावनिशीवार याद्या पाहायला मिळत नाहीत, त्यामागे वेळ घालवू नये.

२. शके वर्षाचे इसवी सन करताना थांबा

माझी सर्वांत मोठी चूक इथे झाली आणि ती सापडायला दोन वर्षे लागली. आमच्या घरी एका पोथीच्या शेवटच्या पानावर पणजोबांचा जन्म ‘शके १८१८ माघ शुद्ध’ असा लिहिलेला आहे. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, हे पाठ असल्यामुळे मी १८९६ लिहून मोकळा झालो. पणजोबांचे वडील मुंबईत गिरणीत होते आणि बिऱ्हाडही तिथेच होते. मग दिवस भरत आलेली बाई मुंबईतले बिऱ्हाड मोडून गावी का आली, आणि पुढे वर्षभर परत का गेली नाही, याचा उलगडा होईना. मी ‘कौटुंबिक कारण’ असे लिहून ठेवले. ते पूर्णपणे चुकीचे होते.

शके वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते, त्यामुळे एकाच शके वर्षात दोन इसवी सने येतात. १५ ऑगस्ट १९४७ आणि ३० जानेवारी १९४८ या दोन्ही तारखा शके १८६९ मधल्याच आहेत. म्हणून चैत्र ते कार्तिक या महिन्यांना ७८ मिळवावेत, माघ आणि फाल्गुनाला ७९ मिळवावेत, आणि मार्गशीर्ष-पौषाच्या बाबतीत त्या वर्षीचे जुने पंचांग पाहिल्याशिवाय काहीही लिहू नये, कारण १ जानेवारी त्यांच्या मधेच कुठेतरी येते. या हिशेबाने पणजोबांचा जन्म फेब्रुवारी १८९७ चा ठरतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग उघड झाला होता आणि त्या हिवाळ्यात लाखो माणसे शहर सोडून गावाकडे निघाली होती. एका वर्षाच्या फरकाने घरातली ही सगळी हालचाल माझ्यापासून लपून राहिली होती.

तिथीवरून तारीख काढून देणाऱ्या तयार साधनांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : ती पारखल्याशिवाय वापरू नयेत. काही साधने २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेचा हिशेब लावतात. त्या दिनदर्शिकेतला माघ आणि पोथीतला माघ हे वेगळे आहेत. काही साधने उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पद्धतीची असतात. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे ‘माघ वद्य’ अशी नोंद तिथे टाकली तर तारीख सरळ एक महिना आधीची येते. शुद्ध पक्षात हा घोटाळा होत नाही, म्हणून एक-दोन नोंदी बरोबर आल्या तरी साधनावर विश्वास टाकू नये. नोंदीत वार दिलेला असेल तर तो काढलेल्या तारखेशी जुळतो का हे पाहावे. वार जुळत नसेल तर तारीख लिहूच नये.

मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांवर फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलेली वर्षगणना, असते. इसवी सन काढायला त्यात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. फरक एकाच वर्षाचा असला तरी, सप्टेंबर १९४८ च्या आसपासच्या नोंदींत त्यामुळे निजामाची राजवट आणि त्यानंतरचा काळ यांची अदलाबदल होते.

३. तोंडी आठवणीतले साल तपासा

‘पणजी प्लेगात गेली’ असे आमच्याकडे सगळे सांगत. प्लेग १८९६ नंतर कितीतरी वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिला, त्यामुळे मलाही शंका आली नाही. पोथीत मात्र शके १८४० आश्विन आहे, म्हणजे ऑक्टोबर १९१८. कोतवाल बुकात त्या महिन्याची पाने काढली तेव्हा एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू लिहिले जाणाऱ्या गावात पानामागून पान भरलेले दिसले. अक्षर एकच, शाई एकच, आणि कारणाच्या रकान्यात खालपर्यंत ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. ही मानमोडी होती, इन्फ्लुएन्झाची साथ, जिने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच वर्षी पाऊसही गेला होता. आमच्या घरात पुढच्या पिढ्यांनी प्रत्येक साथीला प्लेगच म्हटले. तेव्हा साथीचे, दुष्काळाचे किंवा पुराचे नाव घरातून आले तर ते खूण म्हणून घ्यावे, निदान म्हणून घेऊ नये.

हयात असलेल्या वडीलधाऱ्यांना ‘कोणत्या साली’ असे कधीही विचारू नये. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धाकटी आत्या पाळण्यात होती की चालत होती?’ असे विचारावे. भूकंपाची तारीख ११ डिसेंबर १९६७ आहे, पानशेतच्या पुराची १२ जुलै १९६१. उत्तर या तारखांना बांधता येते.

४. दप्तरातली तारीख म्हणजे घटनेची तारीख नव्हे

शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजींनी घातलेली तारीख असते. वारसाचा फेरफार मृत्यूनंतर दहा-दहा वर्षांनीही झालेला असतो. आणि १९५७ नंतरच्या फेरफारात कलम ‘३२ ग’ दिसले तर आजोबांनी जमीन विकली असे लिहू नये : १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कूळकायद्याने कुळाला मालक ठरवले आणि त्या कलमाखाली किंमत ठरली. कूळ आणि मालक, दोन्ही घरांसाठी हा प्रसंग मोठा आहे. त्याला व्यवहार म्हणणे दोघांवरही अन्याय आहे.

५. मग संदर्भ जोडा

तारखा पक्क्या झाल्या की हे काम सोपे आहे. जिल्ह्याचे गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि त्या काळची वर्तमानपत्रे पाहावीत. प्रत्येक संदर्भाला एकच कसोटी लावावी : याने या माणसाचे काय बदलले? आमच्याकडे पणजोबांनी गिरणीतून पाठवलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या जपलेल्या आहेत. १९२८ च्या मे ते ऑक्टोबर या महिन्यांची एकही पावती नाही. एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप चालला होता. इथे संप लिहिलाच पाहिजे. त्याच वर्षीचे सायमन कमिशन मी लिहिलेले नाही.

६. लिहिताना नोंद आणि तर्क वेगळे ठेवा

पणजीबद्दल मी शेवटी असे लिहिले : ‘मृत्यू आश्विन शके १८४०, ऑक्टोबर १९१८ (पोथी व कोतवाल बुक). कारण, नोंदीप्रमाणे : ताप. त्या महिन्यात गावात मानमोडीची साथ होती. मृत्यू त्या साथीनेच झाला असावा. घरात प्लेग असे सांगतात.’