फ्रिज उघडण्याआधीची तयारी, आणि ते एक भोक

फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतोय, पण खालच्या कप्प्यातलं दूध संध्याकाळपर्यंत नासतंय, अशी तक्रार असेल तर ही यादी तुमच्यासाठी. दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, आणि त्यातही हा एकच बिघाड. एका दाराच्या फ्रिजची गोष्ट वेगळी. त्याला आत पंखा नसतो, मागचं पॅनेल नसतं. बर्फ साठला तर बटण दाबायचं आणि वाट बघायची. सुरीने खरवडायचं नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी गॅस गेला, आणि मग फ्रिजपेक्षा दुरुस्तीच महाग पडते.

आत काय चालतं ते थोडक्यात. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड कॉइल, म्हणजे गॅसने थंड होणारी नळ्यांची जाळी असते. पंखा तिच्यावरची थंड हवा फ्रीझरमध्ये आणि एका वाटेने खाली ढकलतो. कॉइलवर दव धरतं, त्याचा बर्फ होतो, म्हणून कॉम्प्रेसर साधारण 8 ते 12 तास चालला की टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉइलखालचा हीटर लावतो. बर्फ वितळला की बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा छोटा स्विच, हीटर बंद करतो. वितळलेलं पाणी खालच्या पन्हाळीत पडतं, पन्हाळीतल्या भोकातून नळीत, नळीतून मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये, आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. हीटर, बायमेटल किंवा थर्मल फ्यूज (हीटर फार तापला तर वीज तोडणारा) गेला की कॉइल बर्फात गाडली जाते, हवेची वाट बंद होते, फ्रीझर कसाबसा तग धरतो आणि खाली उन्हाळा. म्हणजे दोष हीटरच्या फेऱ्यात. पण पन्हाळीतलं भोक लक्षात ठेवा. सगळे हीटरच्या मागे लागतात आणि भोक विसरतात. गेल्या वेळी मीही हीटर बदलला, पंखा पुसला, सगळं झकास बसवलं आणि भोकाकडे बघितलंच नाही. नवा हीटर इमानेइतबारे बर्फ वितळवत राहिला, पाण्याला जायला जागा नाही, ते पन्हाळीतच गोठून खालून वर चढत कॉइलपर्यंत पोचलं. दुकानदाराशी भांडले तेही फुकट. हीटर उत्तम होता.

आधी हे काम तुमचं आहे का ते ठरवा. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका. मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ आवाज येऊन कॉम्प्रेसर बंद पडत असेल तर रिले (कॉम्प्रेसर चालू करणारा), ओव्हरलोड (जास्त भार आला की तो बंद करणारा) नाहीतर घरातलं व्होल्टेज बघावं लागेल. त्यात ही यादी कामाची नाही. वर-खाली दोन्हीकडे गरम आणि कॉम्प्रेसर मात्र न थांबता चालतोय, किंवा पॅनेल काढल्यावर कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी, तर बहुधा गॅस कमी आहे. तिथेच थांबा आणि माणूस बोलवा. गॅसची नळी, वेल्डिंग, गॅस भरणं हे घरी करायचं नाही, आणि याला अपवाद नाही. मागच्या स्टिकरवर आर-600ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. असतो थोडा, घरगुती फ्रिजमध्ये पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास, पण बंद स्वयंपाकघरात ठिणगीला तेवढा पुरतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज असेल तर मागचा बोर्ड उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही वेळ बसून राहू शकतात.

दिवस नीट निवडा. रविवार नको, सुट्या भागांची बरीच दुकानं त्या दिवशी बंद असतात. शुक्रवारी रात्री फ्रिज बंद केलात तर शनिवारी सकाळी उघडून बघता येतं आणि दुपारी दुकान गाठता येतं. सणाच्या आधीचा आठवडा तर अजिबात नको.

जिन्नस हलवण्याबद्दल सांगायची गरज नाही, तरी एक: घरात इन्सुलिन असेल तर ते सगळ्यात आधी शेजाऱ्यांकडे, आणि त्यांच्या खालच्या कप्प्यात. फ्रीझरमध्ये गेलं आणि गोठलं तर टाकूनच द्यावं लागतं. मासे तळून संपवा, पिठाचे डोसे घाला, उरलेल्यासाठी थर्मोकोलचा खोका आणि बर्फ.

आता बर्फ वितळवणं. याला वेळ द्या, खरंच द्या. प्लग काढून दोन्ही दारं सताड उघडी ठेवा, समोर टेबल फॅन लावा, रात्रभर. बर्फ जाड असेल तर पुरता एक दिवस. पॅनेल बर्फात चिकटलेलं असताना ओढलं तर ते तडकतं, आणि त्या पॅनेलच्या किमतीत दोन हीटर येतात. घाई असेल तर गरम पाण्याचं पातेलं फ्रीझरमध्ये जाड फडक्यावर ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बदला. हेअर ड्रायर वापरणारे वापरतात. पण तो विजेवर चालतो आणि खाली पाण्याचं तळं झालेलं असतं, एवढं ध्यानात असू द्या. प्लास्टिकही वाकतं. स्क्रू ड्रायव्हरने बर्फ फोडणाऱ्यांना काही सांगण्यात अर्थ नाही, त्यांना फ्रिजचा गॅस भरणाराच सांगेल. जुनी चादर, पोतेरी, उथळ ताट हे सगळं आधीच खाली मांडून ठेवा. अंदाज करता त्याच्या दुप्पट पाणी निघतं.

आणि इथेच, बर्फ वितळत असतानाच, भोकाची तयारी करून ठेवा. औषधाच्या दुकानातून सुई नसलेली मोठी सिरिंज, 50 मिलीची, सोबत मऊ बारीक प्लास्टिकची नळी, थर्मासमध्ये गरम पाणी (उकळतं नाही, हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त) आणि एक छोटा टॉर्च. हे सामान हत्यारांच्या पेटीतच ठेवा, बाजूला नाही. बाजूला ठेवलेलं विसरलं जातं. भोकात कोथिंबिरीची देठं, मटाराची सालं, खोबऱ्याचा कीस, पिशवीचे तुकडे आणि वर्षानुवर्षांची बुळबुळ असते. काही मॉडेलांत नळीच्या मागच्या टोकाला रबराची चोच असते, तिच्यातही तोच चिखल. तार घालून खुपसू नका, नळी फाटली तर पाणी फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये मुरेल. फक्त गरम पाणी, सिरिंजने, हळूहळू. मागे कुणाला तरी टॉर्च घेऊन उभं करा, ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला पाहिजे. आला नाही तर पुढे जाऊ नका. हीटर हातात असला तरी जाऊ नका.

हत्यारं फार लागत नाहीत. फुलीचा लांब स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा, पक्कड, स्क्रूसाठी वाटी. मल्टिमीटर, म्हणजे ओहम-व्होल्ट मोजायचा मीटर, मात्र हवाच. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला साधासा मिळतो. नुसत्या टेस्टरने हीटर तपासता येत नाही. फोन चार्ज करून ठेवा आणि प्रत्येक कनेक्टर काढायच्या आधी फोटो काढा. रंगांवर विसंबू नका, आधीच्या मेकॅनिकने कुठली वायर कुठे जोडली असेल याचा भरवसा नाही.

वीज बंद म्हणजे प्लग भिंतीतून बाहेर. स्विच बंद केलं म्हणजे झालं असं नाही, कुणी पाणी तापवायला येतं आणि सवयीने लावून टाकतं. फ्रिज ओढलाच आहे तर मागच्या वायरींवर एक नजर टाका. उंदीर वायरी कुरतडतात आणि रिलेच्या डबीत पाली जाऊन मरतात. कधी कधी सगळी दुरुस्ती तेवढीच निघते. मागची ट्रे काढून धुवा. ओढून झालं की ती परत बसवायची असते, हेही लिहून ठेवा, कारण ट्रेशिवाय ते भोक मोकळं करून उपयोग काय.

सुटे भाग आणायच्या आधी मोजून घ्या. नाहीतर तीन भाग विकत घ्याल आणि बिघाड चौथ्यात असेल. मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढा, तो बहुतेक आतल्या भिंतीवर असतो. हीटरचे वॅट कुठेतरी लिहिलेले असतात. 230 (घरातले व्होल्ट) चा वर्ग करून त्याला वॅटने भागा: 150 वॅटचा हीटर असेल तर साधारण 350 ओहम यायला हवेत. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटर तुटला. थर्मल फ्यूज शून्याच्या जवळ दाखवेल, नाहीतर गेला, आणि तो एकदा गेला की गेलाच. त्याच्या जागी वायर जोडून काम भागवायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. आत सगळं प्लास्टिक आणि फोम आहे, आणि हीटर थांबला नाही तर त्याला थांबवणारं दुसरं काहीही तिथे नाही. बायमेटलमध्ये बरेच जण फसतात. तो खोलीतल्या तापमानाला तुटलेलाच दाखवतो, आणि ते बरोबर आहे. शून्याच्या बऱ्याच खाली गेल्यावर तो जोडतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीठ टाकलेल्या बर्फात अर्धा तास ठेवा आणि मग मोजा. तेव्हाही जोडला नाही तरच बदला. बोर्डवाल्या फ्रिजमध्ये बायमेटलच्या जोडीला किंवा त्याऐवजी तापमानाचा सेन्सर असतो. तो थंड होईल तसा त्याचा रेझिस्टन्स वाढायला हवा. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्या, फोटो दाखवून दुकानदार फक्त मान हलवतो.

पॅनेल काढताना स्क्रूवरच्या प्लास्टिकच्या टोप्या आधी काढा, मग खालून हलकेच ओढा. पंख्याची वायर पॅनेलला जोडलेली असते, झटका देऊ नका. थर्मोकोलचा साचा फुटला तर टाकून न देता टेपने जोडा, हवेची वाट त्याच्यातून जाते. कॉइलच्या पात्या पातळ आणि धारदार असतात, हातमोजे घाला. हीटर काढताना त्याला लटकलेली एक छोटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा तार दिसेल, काही मॉडेलांत असते. ती खाली थेट भोकात उतरलेली असते. हीटरची ऊब तिच्यातून भोकात जाते आणि भोक गोठत नाही. ही पट्टी जुन्या हीटरबरोबर भंगारात जाते आणि नव्या हीटरला ती नसते. म्हणून आधी ती काढून वाटीत, स्क्रूंच्या सोबत ठेवा. नव्या हीटरला लावताना तिचं टोक भोकात गेलंय का, हे टॉर्चने बघा. मी इतकं लिहिते आहे ते याच पट्टीसाठी आणि त्या भोकासाठी. पॅनेल बसवायच्या आधी शेवटचं म्हणून पुन्हा एकदा सिरिंजभर पाणी भोकात. आवाज आला? मगच पॅनेल.

बसवणं उलट क्रमाने, फोटो बघत. कनेक्टर कोरडे असावेत. सगळं पुसा. फ्रिज आडवा पाडला असेल तर लगेच चालू करू नका, काही तास उभा राहू द्या. नुसता हलवला असेल तर जागेवर बसवून प्लग लावा. लावून लगेच काढला असेल तर पुन्हा लावायला पाच मिनिटं थांबा.

दाराचं रबर बघून घ्या. दारात कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर रबर सैल आहे, आणि पावसाळ्यात दमट हवा आत शिरून नवा हीटरही पुरा पडणार नाही. गरम पाण्याच्या फडक्याने शेकून रबर थोडं सावरतं, नाहीतर नवं. थर्मामीटर ग्लासभर पाण्यात ठेवून खालच्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत 4 अंशांच्या आसपास यायला हवं. दूध-भाजी त्यानंतर. दोन-तीन दिवसांनी मागच्या ट्रेमध्ये थोडं पाणी दिसलं पाहिजे, कोरडी ठणठणीत असेल तर काय तपासायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. जुने भाग महिनाभर टाकू नका, नवा खराब निघाला तर दुकानात नमुना म्हणून तेच लागतात. पावती त्यांच्याच पिशवीत.